उपाशी कासव आणि मोठे साहेब

बॉसला लोळवायचं कसं, हे सांगणारा मी कोण? उभी नोकरी शेंद्र्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळण्यात गेली आणि तिथल्या एकाही बॉससमोर माझा आवाज कधी चढला नाही. साहेब समोरून आले की मी भिंतीला चिकटून वाट द्यायचो. भिंत नसली तर रॅकला. आता निवृत्त झाल्यावर मात्र दर रविवारी संध्याकाळी मी उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरात, देवघराशेजारच्या टेबलावर, कानाला हेडफोन लावून बसतो आणि कंप्युटरच्या गेममधल्या तीन मजली दगडी राक्षसावर चालून जातो; त्यालाही बॉसच म्हणतात. चालून म्हणजे, बाकीचे तिघं चालून जातात. मी मागं उभा राहून त्यांच्या जखमा भरतो. गेममध्ये त्याला हीलर म्हणतात. माझी बायको द्वारकाबाई त्याला कंपाउंडर म्हणते.

गेमचं नाव इंग्रजीत आहे आणि ते मला अजून एका दमात म्हणता येत नाही. घरात आम्ही तिला नुसतं ‘तनूची गेम’ म्हणतो. तनू म्हणजे आमची मुलगी तनुजा. नोकरीसाठी डब्लिनला असते. तिचा फोन नेमानं यायचा आणि आमचं बोलणं नेमानं असं व्हायचं:

“नाना, बरे आहात?”

“व्हय. तू?”

“मी पण. जेवलात?”

“झालं. तू?”

“करते आता. आईला द्या.”

एवढं बोलायला सात समुद्र कशाला ओलांडायचे? शेजारच्या खोलीतूनही जमलं असतं. आम्हा बापलेकीला तोंडासमोर फोन धरला की जीभच उचलत नाही. कीर्तनात मी तास तास ऐकतो, घरी येऊन ते द्वारकाबाईला जशास तसं ऐकवतो, पण पोटच्या पोरीला ‘तुला तिथं करमतं का’ एवढं विचारायच्या आधी मी फोन तिच्या आईकडं देतो.

दिवाळीला आली तेव्हा तिनंच घरातला जुना कंप्युटर दुरुस्त केला, त्यात ही गेम घातली आणि म्हणाली, “नाना, दर रविवारी इथं या. बोलायचं नाय काही. नुसतं माझ्यासोबत चालायचं.”

आणि खरंच, गेममध्ये आधी चालायचंच असतं. गावाच्या वेशीपासून राक्षसाच्या गुहेपर्यंत लांबलचक रस्ता आहे. दोन्ही बाजूंना गवत, मधे एक ओढा, पलीकडं डोंगर. करायला काही नसतं. पडद्यावरची तनू धनुष्य पाठीला लावून चालते, पडद्यावरचा मी पांढऱ्या झग्यात काठी टेकत चालतो, आणि खरी तनू कानात बोलत राहते. घरमालकीण खिडकीत कपडे वाळत घालू देत नाही. ऑफिसात सगळे तिला ‘टॅन’ म्हणतात, तिनंही आता सुधारणं सोडून दिलंय. एकटीनं जेवताना ती समोर मोबाईल उभा करून ठेवते, कुणाचा तरी आवाज असावा म्हणून. हे तिनं आईला सांगितलं नव्हतं. मला सांगितलं, तेसुद्धा ओढा ओलांडताना, जसं काही पाय जपून टाका म्हणावं तसं.

म्हणून मी कासव घेतलं.

आता हे समजावून सांगावं लागेल. गेममध्ये प्रत्येकाला सोबत एक प्राणी पाळायला मिळतो. त्याला पेट म्हणतात. लांडगा आहे, बहिरी ससाणा आहे, शेपटीतून ठिणग्या उडवणारं एक मांजर आहे. जाणती माणसं दर लढाईला पेट बदलतात. कुठल्या बॉसपुढं कुठलं जनावर न्यायचं याचे व्हिडिओच्या व्हिडिओ आहेत. मी एकदा कासव घेतलं आणि ते सोडलं नाही. सगळ्यांना सांगितलं की देवळात गाभाऱ्यासमोर कासव असतं, त्याला नमस्कार केल्याशिवाय पुढं जाता येत नाही, तेव्हा हेच बरं. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण वेगळं होतं. लांडगा घेतला की त्याच्या पाठीवर बसून गुहेपर्यंत चुटकीसरशी पोचता येतं. कासव घेतलं की सोबत चालणाऱ्यानं त्याच्या पावलानं चालायचं. आणि जितका रस्ता लांबेल तितकी तनू बोलेल.

कासवाचं नाव मी हरी ठेवलं.

आमच्या टीममधले बाकीचे दोघं म्हणजे चिन्मय आणि मृण्मयी. नवराबायको, तनूच्याच ऑफिसातले. चिन्मय टीमचा म्होरक्या. पोरगा आपल्याच शहरातला, समर्थनगरचा, अतिशय हुशार आणि अतिशय नीटनेटका. वेळेवर येतो, वेळेवर चिडतो. मृण्मयीचा स्वभाव गोड. मी हेडफोन लावून “रामकृष्ण हरी” म्हटलं की तीही “रामकृष्ण हरी काका” म्हणते. चिन्मय म्हणतो, “माईक थोडा लांब धरा काका.”

चिन्मयनं मला सुरुवातीलाच व्हॉट्सॲपवर टिप्स बोलून पाठवल्या होत्या. पेटला कच्चं मांस द्या, म्हणजे त्याची मारायची ताकद वाढते. बॉसच्या पायांकडं बघा. पाय उचलला की मागं व्हा. हात कीबोर्डवरून काढू नका. आणि पेटच्या डोक्यावर जी गुलाबी पट्टी असते, प्रेमाची, तिच्यामागं लागू नका. ती भरायला फार महिने जातात आणि भरून काहीच मिळत नाही, नुसती शोभेची असते.

माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे. मी हरीला मांस कसं घालणार? मी त्याला पाला घालायचो. बसल्या बसल्या राम राम करायचो, उठताना पाठीवरून माउसनं हात फिरवायचो. मारायची ताकद शून्याच्या आसपास राहिली. गुलाबी पट्टी मात्र काठोकाठ.

“कासव कुणाला चावतं का तरी?” द्वारकाबाईनं एकदा विचारलं.

“नाय.”

“मग ते लढाईत काय करतं?”

“माझ्या मागं उभं राहतं.”

“म्हंजे तुमच्याच पंथाचं,” ती म्हणाली आणि भाजी निवडायला लागली.

पायांकडं बघायची टीपही मला जमली नाही. पण त्यात माझी एक सोय झाली. गुहेत बॉसच्या लढाईला ढोल वाजतात. बाकीच्यांना तो नुसता गोंगाट. मला मात्र पहिल्याच दिवशी कळलं की राक्षस हात उगारण्याआधी तो ढोलवाला एकच बोल तीनदा घेतो आणि समेवर आदळतो. आयुष्यभर मृदंग ऐकलाय हो. वारकरी कीर्तन असो नाहीतर नारदीय, बुवा कुठं श्वास घेणार आणि मृदंगवाला कुठं उचलणार हे मला डोळे मिटून कळतं. मी ओरडायचो, “साहेब चिडले! बाजूला व्हा!” बॉसला मी सवयीनं मोठे साहेबच म्हणायचो. तिघं बाजूला उड्या मारायचे, आणि राक्षसाची मूठ रिकाम्या फरशीवर बसायची.

इथवर छान होतं. पण कीर्तनात असा बोल आला की हात मांडीवर राहत नाहीत, टाळीला जातात. गेममध्येही तेच. इशारा मी अचूक द्यायचो आणि समेला माझे दोन्ही हात कीबोर्ड सोडून हवेत. तिघं वाचायचे आणि मूठ चुकून माझ्याकडं वळली तर मी मरायचो. हीलरच मेला की मग हळूहळू बाकीचे. चिन्मयनं हे बरेच रविवार सहन केलं.

मग ती एकादशी आली.

एकादशीला मी उपास करतो. घरात सगळेच करतात. त्या रविवारी सकाळी मी गेम उघडली, हरीला राम राम केला, पाल्याची टोपली उचलली आणि थबकलो. आज एकादशी. माझ्या घरचं कासव, नाव हरी, आणि आज पाला खाणार? मनाला पटेना. टोपली ठेवून दिली. त्याच्या पाठीवरून हात फिरवून म्हणालो, “आजच्या दिवस, बाबा. उद्या सोडू.”

गेममधल्या प्राण्याचं पोट रिकामं झालं तर काय होतं, ही टीप चिन्मयनं दिली नव्हती. त्याला वाटलंच नसेल की ती कुणाला द्यावी लागेल.

संध्याकाळी लढाई रंगात आली. कासवाचं एक काम असतं. राक्षस आगीचा लोळ सोडतो तेव्हा ते पुढं येऊन पाठ आडवी धरतं आणि सगळे तिच्याआड दडतात. लोळ आला. तिघं दडायला धावले. हरीनं एक पाय पुढं टाकला, मान आत घेतली, चारही पाय आत घेतले आणि दगडासारखा बसून राहिला. तिघं त्याच्या मागं नाही, त्याच्या पुढं पडले. भाजून निघाले.

हेडफोनमध्ये मग चिन्मयचा आवाज.

“काका, तुमच्या पेटचं पोट रिकामं दिसतंय, हंगर शून्य.”

“आज एकादशी हाय ना,” मी म्हणालो.

मला वाटलं आवाज गेला. मग मृण्मयीला हसू आवरेना, आणि तनू म्हणाली, “नाना, तुम्ही कासवाला उपास धरायला लावला?”

मागून द्वारकाबाई ताट घेऊन आली. तिनं सगळं ऐकलं होतं, आणि तिचा आवाज आयर्लंडपर्यंत जाईल असाच होता. “त्या मुक्या जिवाला कडकडीत उपास, अन् सोताला साबुदाण्याची दुसरी ताटली! पुण्य कुणाच्या खात्यावर जमा होणार हाय, इचारा एकदा.”

चिन्मय हसला नाही. तो शांतपणे बोलला आणि ते जास्त लागलं. “काका, तुमचा मान ठेवून सांगतो. हा सीझन दोन रविवारांनी संपतोय. तोवर हा बॉस पडला नाही तर आमची वर्षभराची मेहनत वाया. त्या दिवशी शेवटची लढाई. तुम्ही ते ठिणग्यांचं मांजर घ्या, हात कीबोर्डवर ठेवा, आणि जमलं तर ठीक. नाही जमलं तर मला दुसरा हीलर बघावा लागेल. टीममध्ये चारच जागा असतात.”

“व्हय,” मी म्हणालो. शेंद्र्याला म्हणायचो अगदी त्याच आवाजात.

त्या दिवशी परतीच्या रस्त्यावर तनू फारसं बोलली नाही. ओढ्यापाशी म्हणाली, “नाना, चिन्मय वाईट नाहीये. त्याला जिंकायचंय, बस.”

“मला काढलं तर तू तिथंच खेळशील ना?”

“म्हणजे काय. चार माणसं म्हणून माझी तेवढीच आहेत इथं.” मग ओढ्यात पाय टाकत, “पण तुम्ही नसाल तर मी कुणाबरोबर चालू? ते दोघं लांडग्यावर जातात.”

बॉस पडो न पडो, हंगाम संपो न संपो. माझी ती चौथी जागा गेली की रविवार पुन्हा “जेवलात का, झालं” वर येणार होता.

मधल्या आठवड्यात देवगाव रंगारीला सप्ताह होता. ते माझं मूळ गाव. शेती भावाकडं आहे, माझ्याकडं फक्त विण्याचा पहारा. सप्ताह सुरू झाला की वीणा उभ्यानं गळ्यात असतो आणि सप्ताह संपेपर्यंत तो जमिनीला टेकवत नाहीत. एकाचा पहारा संपला की दुसरा येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जातो. खाली ठेवायचा नाही. कुणी सांगत नाही, कुणी विचारत नाही. नसतोच ठेवायचा.

माझा पहारा दुपारचा होता आणि माझ्यानंतर कडुबाचा. कडुबा माझ्या बरोबरीचा, एका शाळेतला. वेळ झाली तरी कडुबाचा पत्ता नाही. माझे गुडघे बोलायला लागले. मंडपात उरलेले म्हातारे घोरत होते आणि मी उभ्या उभ्या बॉसची लढाई मनात घोळवत होतो: मांजर घ्यावं की नाही घ्यावं. देवा, नामस्मरण सोडून तुझ्यासमोर मी मांजराचा विचार केला, एवढं पोटात घाल. शेवटी कडुबा पळत आला, पिंढऱ्यांपर्यंत चिखल.

“लाईट आली व्हती रे नाना, मोटार चालू करून आलो. पाय धुतो अन् घेतो.”

“धू, धू. मी काय कुठं पळून चाललोय? पळायला पाय राहिलेत कुठं?”

“टेकवायचा ना जरा खांबाला,” तो चेष्टेनं म्हणाला.

“तू टेकव. मग बघू तुला पंगतीत कोण वाढतं.”

त्यानं पाय धुतले, आम्ही एकमेकांच्या पाया पडलो, वीणा त्याच्या गळ्यात गेला. मी खाली बसलो तो दोघांनी उठवेपर्यंत उठलो नाही.

शेवटचा रविवार उजाडला. पंचांगही माझी चेष्टा करायला बसलेलं, पुन्हा एकादशीच.

सकाळी मी गेम उघडली. पेट बदलायचा दरवाजा उघडला. मांजर ठिणग्या उडवत समोर आलं. हरी माझ्या मागं, मान वर करून. मी दरवाजा मिटला. मग द्वारकाबाईला हाक मारली.

“अगं, आज पुन्हा एकादशी. ह्याला काय करू?”

ती पडद्याजवळ वाकली. चष्मा पुसला. “ह्यांच्या दुकानात काय काय मिळतं?”

“मांस, मासे, पाला, फळं, कंद.”

“कंद म्हंजे रताळंच की. रताळं उपासाला चालतं. एवढं शिकून बसलात अन् एवढं सुचंना?”

खरंच सुचलं नव्हतं. हरीला मी कंदांची अख्खी रास घातली. त्यानं सगळी फस्त केली. इकडं द्वारकाबाईनं आम्हा दोघांसाठी रताळ्याचा कीस केला. असा आम्ही तिघांनी फराळ केला.

पाच वाजता सगळे वेशीवर जमले. हरीला बघून चिन्मयनं एक सुस्कारा सोडला. पण वेळ कमी होता. “ठीक आहे काका. निदान आज त्यानं खाल्लंय. फक्त हात कीबोर्डवर. आणि शेवटचा भाग नीट ऐका.”

शेवटचा भाग असा होता. राक्षसाचा जीव अर्ध्यावर आला की गुहेतले सगळे दिवे विझतात. एक मशाल उरते. ज्याच्या हातात मशाल त्याला ती हळूहळू भाजते, म्हणून थोड्या वेळानं ती जमिनीवर टाकायची आणि दुसऱ्यानं उचलायची. अडचण एवढीच, की मशाल जमिनीला लागली की क्षणभर मिट्ट काळोख होतो आणि काळोखात राक्षसाचा जीव थोडा परत भरतो. पण त्याला इलाज नाही, असं सगळे व्हिडिओ सांगतात. आधी मृण्मयी, मग तनू, मग मी, मग चिन्मय. उचला, धरा, टाका.

पहिला निम्मा भाग, खोटं कशाला बोलू, मी चांगला खेळलो. हात मी जाणून दाबून धरले होते. द्वारकाबाई मागं उभी राहून प्रत्येक समेला माझ्या खांद्यावर बोट टोचत होती. “साहेब चिडले!” मी ओरडत होतो, तिघं उड्या मारत होते. आगीचा लोळ आला तेव्हा हरीनं अशी पाठ दिली की मृण्मयी म्हणाली, “वा हरीभाऊ!”

मग दिवे गेले.

मृण्मयीनं मशाल धरली, टाकली. काळोख. राक्षसाचा जीव चढला. तनूनं उचलली, धरली, टाकली. काळोख. पुन्हा चढला. मग मी उचलली.

मशाल हातात घेऊन पडद्यावरचा मी उभा राहिलो, पांढऱ्या झग्यात, उजेडात एकटाच, आणि भोवती ढोल.

“काका, टाका आता,” चिन्मय.

माझं बोट त्या बटणाशी गेलं. खाली गेलं नाही.

“काका, तुमचा जीव अर्ध्यावर आलाय. टाका.”

डोक्याला कळत होतं. पण हात ऐकेना. उभं राहून गळ्यातलं, हातातलं, जपलेलं असं काही जमिनीवर टाकायचं असतं हे ह्या हाताला कुणी कधी शिकवलंच नव्हतं. माझी नजर फिरायला लागली: घेणारा कुठंय? माझ्यानंतरचा पहारेकरी कुठंय? चिन्मय लांब, राक्षसाच्या पलीकडं. तनू जखमी होऊन कोपऱ्यात. कडुबा तर देवगावला.

“नाना, टाका ना! मराल!” तनूचा आवाज चिरकला. तेवढ्यापुरता तो गेमचा आवाज नव्हता.

“टाकवत नाय गं,” मी म्हणालो. “कुणीतरी घ्या.”

“घेता येत नाही! हातातून हातात देताच येत नाही!” चिन्मय ओरडला. “जमिनीवरच ठेवावी लागते!”

माझ्यामागं हरी उभा होता. नेहमीसारखा. मान वर करून. मला काय सुचलं म्हणून विचारू नका. काही सुचलं नाही. रोज त्याला काही द्यायचं तर जे बटण दाबतो तेच बोटाला ठाऊक होतं. ते मी दाबलं.

हरीनं मान पुढं केली, तोंड उघडलं आणि मशाल जबड्यात धरली.

काळोख झाला नाही.

मशाल त्याला भाजेना. भाजायला लागली की तो मान जरा आत ओढून घ्यायचा, ज्वाला पाठीबाहेर, आणि परत मान काढायचा. राक्षस उजेडाकडं वळला आणि त्याच्या टणक पाठीवर मुठी आपटायला लागला. हरी जागचा हलला नाही. एक तर तो कासव. शिवाय पोट भरलेलं.

चिन्मय मग म्हणाला, अगदी हळू, “ह्याची लॉयल्टी, ती गुलाबी पट्टी, फुल आहे. फुल असली की मालकाच्या हातून काहीही घेतो. हे कुठंच लिहिलेलं नाहीये.” आणि लगेच ओरडला, “अरे बघत काय बसलात, मारा!”

तिघं तुटून पडले. काळोख नाही, राक्षसाचा जीव भरणं नाही. मी जखमा भरत होतो, पाणी देत होतो, शेंद्र्याला दिवाळीपूर्वी स्टोअरवर गर्दी पडायची तशी धांदल. राक्षसाचा जीव पार तळाला आला. आणि ढोलवाल्यानं शेवटचा बोल उचलला. तो साधा बोल नव्हता हो. नेहमी तीनदा घेतो, तो ह्या वेळी घेतच गेला, चढवतच गेला, काल्याच्या कीर्तनाला शेवटी मृदंगवाला सोडतो ना हात, तसा. मी ओरडलो, “साहेब लई चिडले! लांब व्हा, लांब!” तिघं लांब झाले. द्वारकाबाईनं खांद्यावर बोट टोचायला पाहिजे होतं. पण तीही टाळी वाजवत होती. आणि मी तर केव्हाच दोन्ही हात वर केलेले, डोळे मिटलेले.

समेवर मूठ माझ्याच डोक्यात बसली.

डोळे उघडले तेव्हा मी गुहेत पालथा पडलो होतो. त्याच क्षणी तनूचा बाण लागला आणि मोठे साहेब डोंगर ढासळावा तसे खाली आले. सोन्याचा पाऊस पडला. जिवंत माणसांना त्यातून बक्षिसं मिळतात. तनूला धनुष्य मिळालं, मृण्मयीला मुकुट, चिन्मयला ढाल. मला काही नाही. मेलेल्याला कोण देणार?

“अहो,” द्वारकाबाई पडद्याकडं बोट दाखवून म्हणाली, “तुम्ही गेलात. पण त्याला बघा.”

हरी माझ्या प्रेताशेजारी उभा होता. तोंडात मशाल तशीच. खाली टेकवली नव्हती.

हेडफोनमध्ये सगळे एकदम बोलत होते, हसत होते. मृण्मयी रडत असावी. मेलेल्या हीलरनं काय बोलायचं? कीबोर्डवर हात ठेवा एवढंच सांगितलं होतं आणि तेच मोडलं होतं. सगळं शांत झाल्यावर चिन्मयनं घसा साफ केला.

“काका.”

“बोला.” माझ्या तोंडातून पुढं ‘साहेब’ येता येता राहिलं.

“तुम्ही मेलात.”

“व्हय. मेलो.”

“मी सांगितलेली एकही गोष्ट तुम्ही ऐकली नाहीत. पेट बदलला नाही, मशाल टाकली नाही, हात कीबोर्डवर नव्हते.”

“खरंय.”

तो मग म्हणाला, “पुढच्या रविवारी मरू नका. नवीन सीझनचा बॉस ह्याच्याहून वाईट आहे.” आणि मग जरा घुटमळत, “ती गुलाबी पट्टी कशी भरायची, ते मला बोलून पाठवाल का? मी पण कासव घेतो म्हणतो.”

“पाठवतो ना,” मी म्हणालो. जन्मात पहिल्यांदा कुणी माझ्याकडं टीप मागितली होती. “पहिली टीप, सकाळी त्याला राम राम करायचा.”

“त्यानं काही होत नाही काका. ते कोडमध्येच नसणार.”

“नसंल. मी तर करतो बाबा.”

मृण्मयीनं माझ्यावर जिवंत करायचा मंत्र टाकला, मी झगा झटकत उठलो, हरीच्या तोंडातली मशाल हातात घेतली. घेण्याआधी मी त्याच्या पाया पडलो. म्हणजे तसं काही बटण नाही, इथंच, टेबलासमोर. द्वारकाबाईनं बघितलं आणि देवघरातली वात पुढं सारली.

ते दोघं लांडग्यावर बसून भुर्रकन निघून गेले. गुहेबाहेर संध्याकाळ झाली होती. गेममध्येही आणि उस्मानपुऱ्यातही. देवळात सात वाजता एकादशीचं कीर्तन होतं आणि मला अजून अंघोळ करून धोतर नेसायचं होतं. मी मनाशी म्हटलं, रस्ता आज जरा लवकर आटपू. म्हणून मी पुढं पुढं चालायला लागलो, ओढ्यापर्यंत पोचलोसुद्धा.

“नाना,” तनू कानात म्हणाली.

“काय गं?”

“इतक्या घाईनं कुठं चाललात? थांबा जरा. तुम्हाला एक सांगायचंय.” पाण्याच्या काठावर ती थांबली होती, नवं धनुष्य पाठीला, मागं वळून बघत. “आणि हरी लई मागं राहिलाय.”

मी थांबलो. बुवांचा पूर्वरंग चुकला तर चुकला.